आप्पांच्या भाषणाची चौकशी

मुख्याध्यापिका नेमकं काय करते, असं कोणी विचारलं की नोकरीत असताना मी "शाळा चालवते" असं सांगायचे. आता निवृत्त झालेय, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. शाळा मुलं चालवतात, आणि मुलं गेली की शिपाई चालवतो. मुख्याध्यापिका कायदा सांभाळते. मी एम.ए., बी.एड., विषय मराठी. पण कवितेपेक्षा माझा जास्त काळ "सदर", "उपरोक्त" आणि "विषयांकित" यांच्या संगतीत गेला. घरी नवऱ्याला चिठ्ठी लिहिली तरी "सदर भाजी फ्रीजमध्ये आहे" असं लिहून जायचे.

आमची संस्था लहान. एक हायस्कूल शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या पुढे. दुसरं दौंड तालुक्यात, कुरकुंभच्या अलीकडे. मी राहायला दौंडला आणि शाळा न्हावऱ्याकडची, म्हणजे रोज एसटी बदलत जाणं. त्या प्रवासात मी कायद्याची पुस्तकं वाचली. वाचावीच लागली, कारण शाळेच्या दारात येणारा प्रत्येक माणूस कायद्याच्या उलट काहीतरी मागायला यायचा.

कुरकुंभच्या कंपनीत शिफ्ट करणारे एक पालक आठवतात. मुलाला घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, याला नापास करा." मी म्हटलं, आठवीपर्यंत नापास करता येत नाही, कायदा आहे. तर म्हणाले, "मग चार रट्टे द्या." मी म्हटलं, मारताही येत नाही, त्यालाही कायदा आहे. ते म्हणाले, "मग बाई, तुमच्या हातात हाय तरी काय?" मी म्हटलं, "दाखला आहे. तो मागितलात तर नाही म्हणता येत नाही." मुलगा खूश होऊन वर्गात गेला.

पण सगळ्यात अवघड प्रकरण म्हणजे शिक्षकाला काढणं. बाहेरच्यांना वाटतं, अध्यक्ष म्हणाले "उद्यापासून येऊ नका" की झालं. तसं नसतं. अनुदानित शाळेत पगार सरकार देतं, नेमणूक संस्था करते, आणि शिक्षक एकदा कायम झाला की संस्था आणि त्याच्यामध्ये कायदा उभा राहतो. आधी आरोपपत्र द्यायचं, त्याचा खुलासा घ्यायचा. मग तीन जणांची चौकशी समिती. एक माणूस संस्थेचा, एक त्या शिक्षकानं निवडलेला, आणि तिसरा राज्य पुरस्कार मिळालेला शिक्षक. मग साक्षी, उलटतपासणी, अहवाल. यातली एखादी पायरी चुकली की तो शिक्षक पुण्याच्या शाळा न्यायाधिकरणात जातो आणि हार घालून परत येतो. हे आमच्या अध्यक्षांना समजावून सांगण्यात माझी बरीच वर्षं गेली.

अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणायचे. उसाचे मोठे बागायतदार, दूध संघात संचालक, मनाचे उदार. शाळेची जमीन त्यांनीच दिलेली. कोणाच्या घरी दुःख झालं तर सगळ्यांच्या आधी पोचणारे. दोष एकच, माईक हातात आला की परत द्यायचे नाहीत.

आणि ज्यांच्यावर हे संकट आलं ते योहान साळवे सर, आमचे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. शिरूरच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतलं घराणं. आजोबा मिशनच्या शाळेत बँड शिकवायचे, वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे. सर स्वतः कॉर्नेट, म्हणजे तोंडानं फुंकायचं पितळी वाद्य, असं वाजवायचे की कांद्याची गाडी घेऊन चाललेला माणूस गाडी थांबवायचा. आमच्या शाळेत त्यांनी मुलींचं ढोल आणि कॉर्नेटचं बँडपथक उभं केलं. ज्या मुली वर्गात हजेरीला "हजर" म्हणताना लाजायच्या, त्या गळ्यात ढोल अडकवून गावातून छाती पुढं काढून चालायच्या.

त्या वर्षीचं स्नेहसंमेलन. मांडव भरलेला. आभार मानणाऱ्या शिक्षकांना शिक्रापूरची एसटी गाठायची असल्यामुळं आभार आधीच उरकलेले. आता फक्त आप्पांचं भाषण आणि मग राष्ट्रगीत. साळवे सरांनी मुलींना शिकवून ठेवलं होतं की आप्पा शेवटी मोठ्यानं "जय हिंद" म्हणतात, ते ऐकलं की सुरू करायचं. दरवर्षी तसंच व्हायचं.

आप्पांनी न्हावऱ्याच्या रस्त्यापासून सुरुवात केली. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्यांवर गेले, तिथून मुलींच्या शिक्षणावर, तिथून आपल्या एकमेव दिल्लीवारीवर. ऊन मांडवाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं सरकलं. स्टेजवर त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांना सगळे माई म्हणत. त्या बक्षीस वाटायला आल्या होत्या आणि डोळे उघडे ठेवून झोपायची कला त्यांना साधलेली होती. पहिल्या रांगेत दूध संघातले आप्पांचे विरोधक मुद्दाम येऊन बसले होते. स्टेजच्या कडेला बँडच्या मुली ढोलाच्या काड्या वर धरून उभ्या. हात भरून आले तरी एकीनंही काडी खाली घेतली नाही.

मग आप्पा आपल्या गावच्या एका जवानाच्या गोष्टीवर आले. "सुट्टीवर आला व्हता. फाट्यावर एसटीतून उतरला. मी उसात पाणी धरत व्हतो. त्याला बघितलं, खोरं टाकलं, तसाच चिखलात ताठ उभा ऱ्हायलो, आन् म्हनलं, जय हिंद!"

ढोल वाजला.

सगळा मांडव उभा राहिला. माई जाग्या होऊन उभ्या राहिल्या. विरोधक उभे राहिले. आप्पा तर उभेच होते, पण त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. तसेच ते ताठ झाले. मुलींनी राष्ट्रगीत फार सुंदर वाजवलं, हे त्या परिस्थितीतही माझ्या लक्षात आलं. ते संपलं आणि आमच्या मुलांनी रोजची सवय पाळली. राष्ट्रगीत झालं की शाळा सुटते. क्षणात मांडव मोकळा. आप्पा माईकवरून ओरडत होते, "आरं थांबा! जवानाचं ऱ्हायलंय!" ऐकायला मी, शिपाई आणि विरोधक एवढेच उरलो होतो. विरोधकांनी टाळ्या वाजवल्या. तिथंच सगळं बिघडलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा माझ्या केबिनमध्ये आले. सोबत संस्थेचे सचिव तात्या. तात्या म्हणजे आप्पा जे म्हणतील त्याला "व्हय" म्हणणारे गृहस्थ.

"बाई, साळवेला काढायचा."

"आप्पा, आरोप काय लिहायचा?"

"माझं भाषण चालू असताना त्यानं..." आप्पा थांबले. "त्यानं वाजवलं."

"काय वाजवलं?"

आप्पांनी तात्यांकडं बघितलं. तात्या म्हणाले, "व्हय."

"आप्पा, राष्ट्रगीत वाजवलं हा गुन्हा म्हणून लिहिला तर उद्या पेपरात तुमचं नाव येईल, साळवे सरांचं नाही."

"मग तसं नका लिवू. काम नीट केलं न्हाई, असं लिवा."

"त्यासाठी कायद्यात शब्द आहेत, कर्तव्यात हेतुपुरस्सर आणि सतत हयगय. सतत पाहिजे. सरांनी एकदाच वाजवलं."

"वाजवलं एकदाच," आप्पा म्हणाले, "पन मधी थांबलं का? सलग वाजवलं. म्हंजी सततच झालं की."

"व्हय," तात्या म्हणाले.

गावात कुजबूज होती की आप्पांचा भाचा बी.पी.एड. होऊन बसलाय, त्याला त्या जागेवर घ्यायचंय. मी तेही बोलून टाकलं. म्हटलं, "आप्पा, ही जागा रिकामी झाली तरी भाचा बसत नाही. आता उमेदवार पोर्टलवरून येतात."

"कुठल्या गावचं ते पोर्टल? आपली कुणाची वळख?"

माझा काही इलाज चालला नाही. शेवटी मी "अध्यक्षांच्या भाषणात व्यत्यय आणला" एवढंच लिहिलं आणि साळवे सरांच्या हातात निलंबनाचा आदेश ठेवला. सरांनी तो शांतपणे वाचला. ते म्हणाले, "मॅडम, व्यत्यय म्हणा, गैरवर्तन म्हणा, काहीही म्हणा. फक्त राष्ट्रगीताचा अपमान असं कुठं येऊ देऊ नका. माझ्या आजोबांनी ते या तालुक्यात किती पोरांना शिकवलंय. घरी आईला हे कसं सांगू, तेवढंच समजत नाहीये." मग त्यांनी शिट्टी माझ्या टेबलावर ठेवली आणि गेले. ती शिट्टी बघून मला वर्गावर जाववेना.

निलंबित माणसानं शाळेत यायचं नसतं. साळवे सर आले नाहीत. ते रोज बँडच्या तासाला समोरच्या चहाच्या टपरीवर येऊन उभे राहायचे. मुली मैदानात वाजवायच्या, सर रस्त्यापलीकडून हातानं ताल द्यायचे. कोणी चुकलं की तिकडून आवाज यायचा, "सुप्रिया, डावी काडी!" मध्ये एखादा ट्रक आला की तेवढा भाग चुकायचा.

आप्पांनी ते पाहिलं आणि फोन केला. "बाई, निलंबित मानूस शाळेत कसा?"

"शाळेत नाही आप्पा. रस्त्यावर आहे. रस्ता बांधकाम खात्याचा आहे."

"मंग टपरी हलवा."

"टपरी तुमच्या चुलतभावाची आहे."

फोन बंद झाला.

आता समिती नेमायची. आप्पा म्हणाले, संस्थेचा माणूस मीच. मी हात जोडले. "आप्पा, तक्रार तुमची, साक्ष तुमची, आणि निकालही तुम्हीच देणार? न्यायाधिकरण एका दिवसात उडवेल." बऱ्याच वादानंतर त्यांनी तात्यांना नेमलं. फरक काय पडणार होता, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. साळवे सरांनी दौंडचे खान सर निवडले. ते गणिताचे शिक्षक, कमी बोलणारे. आणि राज्य पुरस्कारवाल्या म्हणून शिक्रापूरच्या शेलारबाई आल्या. मोठ्या वयाच्या, बारीक अंगाच्या आणि जरबेच्या. आयुष्यभर पहिलीचा वर्ग सांभाळल्यामुळं त्या सगळ्या जगाशी पहिलीचा वर्ग समजूनच बोलायच्या.

चौकशी आमच्या कुरकुंभकडच्या शाळेत ठेवली, म्हणजे गावातली गर्दी नको. वारा रसायनांच्या कंपन्यांकडून येत होता, म्हणून खिडक्या लावून घेतल्या. मुलींना सरांनी हातानं इशारा केला होता का, हे विचारायचं असल्यामुळं बँडपथकाला बोलावलं होतं. शेलारबाईंनी कळवलं होतं, "साहित्यासह हजर राहावे." त्यामुळं मुली टेम्पोतून ढोलांसकट आल्या आणि व्हरांड्यात रांगेत उभ्या राहिल्या. साक्षी लिहून घ्यायचं काम माझ्याकडं.

पहिली साक्ष आप्पांची. शेलारबाई म्हणाल्या, "सरळ बसा. हात मांडीवर." आप्पांनी हात मांडीवर ठेवले.

खान सरांनी विचारलं, "आप्पा, साळवे सरांचं म्हणणं आहे की तुम्ही जय हिंद म्हणालात म्हणून मुलींनी वाजवलं."

"मी न्हाई म्हनलो. ते मी शेवटाला म्हनतो. माझं भाषण तर अर्ध्यावर व्हतं."

"मग त्या वेळी काय बोलत होतात, तेवढं सांगाल?"

ही चूक होती. तात्यांचा चेहरा पडला, कारण पुढं काय होणार ते त्यांना कळलं. आप्पा उठले, सदरा नीट केला आणि म्हणाले, "सुरुवातीपासून सांगतो, म्हंजी संदर्भ लागंल."

न्हावऱ्याचा रस्ता आला. उसाच्या ट्रॉल्या आल्या. मी लिहीत होते. खान सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. दिल्ली आली. साळवे सर मान खाली घालून बसले होते. शेलारबाईंनी एकदा "थोडक्यात" असं म्हणून पाहिलं, पण आप्पांना आता समोर मांडव दिसत होता. त्यांचा आवाज चढला. जवान एसटीतून उतरला. आप्पांनी खोरं टाकलं. ते खरोखरच ताठ उभे राहिले, आणि बंद खिडक्या थरथरतील अशा आवाजात म्हणाले, "जय हिंद!"

व्हरांड्यात ढोल वाजला.

सगळे उठलो. शेलारबाई, खान सर, तात्या, मी, आरोपी आणि फिर्यादी, सगळे ताठ. मी साळवे सरांकडं बघायचं टाळत होते, कारण हसू आलं असतं आणि ते योग्य झालं नसतं. राष्ट्रगीत पूर्ण झालं. त्यानंतर बाहेर धावण्याचा आवाज आला. मुली सवयीप्रमाणं घरी जायला टेम्पोत जाऊन बसल्या होत्या.

आप्पा खुर्चीवर टेकले. "जवानाचं परत ऱ्हायलं," ते हळू आवाजात म्हणाले.

शेलारबाईंनी माझ्याकडं बोट केलं. "लिहा. साक्षीदारानं जय हिंद म्हटलं. साक्षीदारानं स्वतः ऐकवलं."

दुसरी साक्ष संस्थेच्या बाजूनं, माईंची. आप्पांनीच त्यांचं नाव दिलं होतं, घरचं माणूस म्हणून. माई पदर सावरून बसल्या. त्यांना सरळ बसा सांगावं लागलं नाही.

शेलारबाईंनी विचारलं, "माई, साळवे सरांनी हे मुद्दाम केलं असं तुम्हाला वाटतं का?"

माईंनी विचार केला. "बाई, मुद्दाम करायचं असतं तर लवकर केलं असतं की. एवढा येळ कशाला थांबला असता?"

मग खान सरांनी अख्ख्या चौकशीत पहिल्यांदा हसून घेतलं. गणिताच्या माणसाला पटेल असं उत्तर होतं. शेलारबाई म्हणाल्या, "शाब्बास. बसा." त्या बसलेल्याच होत्या.

चौकशी समितीचा निर्णय बहुमतानं होतो. खान सरांचं मत सगळ्यांना माहीत होतं. शेलारबाईंनी आरोप सिद्ध होत नाही असं लिहिलं. राहिले तात्या. आप्पांसमोर त्यांनी कधी नाही म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं. आणि तात्यांनी मान वर न करता सही केली, तीसुद्धा साळवे सरांच्या बाजूनं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तात्या, हे कसं केलंत?"

तात्या म्हणाले, "बाई, दोनदा ऐकलं मी ते. मी विरोधात सही केली असती तर आप्पांनी तेवढ्यावर साळवेला काढला असता आणि तो न्यायाधिकरणात गेला असता. मग तिथं तिसऱ्यांदा ऐकावं लागलं असतं."

निलंबन रद्द झालं. साळवे सर ज्या सकाळी परत आले त्या सकाळी मुलींनी त्यांना फाटकापासून मैदानापर्यंत वाजवत आणलं, आणि मी टेबलावरची शिट्टी त्यांना परत दिली. मधले काही महिने त्यांचे वाया गेले ते मात्र कोणी परत दिले नाहीत. कायद्यात त्याला "कर्तव्यकाळ धरणे" असं म्हणतात. कागदावर धरला जातो. सरांच्या आईनं त्या काळात चर्चला जाणं सोडलं होतं, ते कशात धरायचं, यावर नियमात काही नाही.

आठवड्याभरानं आप्पा एकटेच माझ्याकडं आले. बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि त्यामुळंच मला काळजी वाटली.

"बाई, खरं सांगा. लांबतं का हो माझं?"

मी नोकरीत होते. तरी म्हटलं, "लांबतं, आप्पा."

त्यांनी मान डोलवली. "दूध संघात बोलू देत न्हाईत. घरी पोरं मोबाईल बघत्यात. म्हनलं, शाळेत तरी ऐकत्यात."

"आप्पा, शाळेत मुलांना बसावंच लागतं."

ते हसले, पण मला वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्यांना कायदा समजावत होते, आणि त्यांना फक्त कोणीतरी ऐकायला हवं होतं. मी शिपायाला चहा सांगितला आणि म्हटलं, "त्या जवानाचं पुढं काय झालं, ते सांगा."

आप्पांनी सांगितलं. जवानानं चिखलात उतरून त्यांना उलट सलाम केला आणि मग दोघांनी मिळून उसाला पाणी धरलं. एवढीच गोष्ट होती. खूप चांगली होती, आणि चहा संपायच्या आत संपली.

जाताना ते दारात थांबले. मैदानात बँडचा सराव चालला होता. "बाई, म्हाताऱ्या मानसाला हे शिकता येतं का हो?"

मी साळवे सरांना विचारलं. सरांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं, मग आप्पांकडं पाहिलं आणि म्हणाले, "येतं. शनिवारी शाळा सुटल्यावर या."

पहिल्या शनिवारी आप्पा मोठ्या गाडीतून आले. सोबत माई. आप्पांनी मोठा ढोल पसंत केला, गळ्यात अडकवून बघितला, एकदा जोरात वाजवला आणि पोरासारखे खूश झाले. माई मात्र साळवे सरांना बाजूला घेऊन गेल्या. मी जवळच उभी होते, म्हणून मला ऐकू आलं.

"सर, ढोल नको," माई म्हणाल्या. "तोंडानं वाजवायचं काय असंल ते द्या."